पुरोगामी मंचावर स्त्री बसवण्याची पद्धत : नवशिक्या कार्यकर्त्यांसाठी

हे मार्गदर्शन कोणासाठी

नाशिकमधल्या नव्या, होतकरू पुरोगामी कार्यकर्त्यासाठी. प्रतिगामी मंडळींना याची गरज नाही. बाईनं कुठं बसावं हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं आणि ते तसं उघड सांगतात. आपलं काम त्याहून अवघड. भाषण समतेवर करायचं आणि संघटना होती तशीच चालवायची. सीबीएसजवळच्या हुतात्मा स्मारकापासून गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकापर्यंत कितीतरी ज्येष्ठ ही कसरत बिनबोभाट करत आले. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाऊ नये, म्हणून हा खटाटोप.

लागणारं साहित्य : सावित्रीबाईंची एक तसबीर, समई, दोन पुष्पगुच्छ, खणखणीत आवाजाची एक निवेदिका, आणि ‘वेळेअभावी’ हा शब्द. शेवटचा जिन्नस कधीही संपू देऊ नये.

पायरी १ : पत्रिका

आधी विषय ठरवा, मग हॉल, मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि चार वक्ते. हे सगळे आपोआप पुरुष निघतील, त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. मजकूर छापायला जाण्याच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी लक्षात येईल, ‘अरे, एक तरी महिला घ्या रे!’ हाच मुहूर्त. लगेच एखाद्या ताईंना फोन लावा. ताई प्राध्यापक असतील, वकील असतील, वीस वर्षं कामगार संघटना चालवत असतील. त्यांना सूत्रसंचालन द्या. दोन ताई मिळाल्या तर दुसरीला आभार. तिसरी मिळाल्यास स्वागतगीत.

ताईंनी वक्ता म्हणूनच यायचा हट्ट धरला तर घाबरू नका. विषयाला ‘महिला आणि’ असं शेपूट लावून द्या. समजा, कांद्यावर परिसंवाद आहे. निर्यातबंदीवर एक सर बोलतील, हमीभावावर दुसरे सर, बाजार समितीच्या कारभारावर तिसरे. ताईंना ‘कांदा उत्पादक महिलांच्या आरोग्यसमस्या’. जिल्ह्यातल्या चाळींमध्ये कांदा निवडणाऱ्या बायकांना भाव कधी पडणार आणि माल कधी सडणार हे हाताला कळतं. पण भाव हा अर्थशास्त्राचा विषय आहे आणि पाठदुखी महिलांचा, ही विभागणी पक्की लक्षात ठेवावी.

पायरी २ : वेळ

कार्यकारिणीची बैठक नेहमी संध्याकाळी साडेसात वाजता. कुणी कारण विचारलं तर सांगा, सगळ्यांच्या सोयीची वेळ आहे. ज्यांच्या घरी त्या वेळी कणीक भिजलेली असते आणि मुलांचा अभ्यास चाललेला असतो, त्या ‘सगळ्यां’त येत नाहीत. तरी दोघीतिघी येतातच. त्यांचं मनापासून कौतुक करावं, आणि निर्णय मात्र बैठकीत घेऊ नये.

नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. बैठकीत निर्णय होतात असं त्यांना वाटतं. बैठकीत फक्त चर्चा होते. साडेनवाला सिन्नरकडची बस गाठायला ताई उठल्या, की उरलेले साथी आणि कॉम्रेड टपरीवर जमतात. कटिंगचे दोन ग्लास होईतो अध्यक्ष ठरलेला असतो, शिष्टमंडळ ठरलेलं असतं, वर्गणीचा हिशोब कुणाकडे हेही ठरलेलं असतं. सकाळी ताईंना निरोप जातो, ‘सर्वानुमते ठरलं.’ टपरीचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही, त्यामुळे त्यावर हरकतही घेता येत नाही. जगभरच्या पुरोगामी पक्षांनी मोठमोठ्या घटना लिहिल्या. त्यांतल्या एकीतही टपरीला कलम नाही, ही त्या घटनांची मोठीच सोय आहे.

पायरी ३ : माईक

कार्यक्रमाच्या दिवशी ताईंना व्यासपीठावर बसवावं, पण कडेच्या खुर्चीत. फोटोत त्या यायला हव्यात, म्हणून अगदी टोकाला नको. प्रास्ताविकाला पाच मिनिटं दिली असतील तर ती पंचवीस होऊ द्यावीत. प्रास्ताविक करणारे ज्येष्ठ आहेत. उद्घाटकांना आणीबाणीत तुरुंगात काढलेले दिवस आठवतील. त्यांनाही थांबवू नये. मग ताईंची पाळी येईल तेव्हा चिठ्ठी सरकवावी : ‘वेळेअभावी थोडक्यात’. ताई सात मिनिटांत चार मुद्दे मांडतील. अध्यक्षीय समारोपात त्यांतले तीन मुद्दे अध्यक्ष स्वतःचे म्हणून मांडतील. चौथा त्यांना कळलेला नसतो. ‘ताईंनी भावनिक मांडणी केली, मी थोडं विश्लेषण करतो’ एवढं वाक्य पाठ असलं की पुरे.

पायरी ४ : मोर्चा

मोर्चात हिशोब उलटा. इथे स्त्रिया पुढे हव्यात, आणि पुष्कळ हव्यात. बायकांची पहिली रांग असली की पोलीस लाठी उगारताना एकदा विचार करतात, आणि छायाचित्रकार एकदाही करत नाहीत.

२०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च आठवा. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईच्या आझाद मैदानात पोचला. १२ मार्चला सरकारनं मागण्या मान्य केल्या. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडच्या हजारो आदिवासी बायका त्यात होत्या. जागतिक महिला दिन वाटेतच उजाडला. चालताना साजरा झाला असेल तर चालण्यानंच. त्या मोर्चातलं साऱ्या देशानं पाहिलेलं दृश्य म्हणजे बायकांचे फोड आलेले, सोललेले तळवे. पुढाऱ्यांची नावं वाचकांना पाठ झाली : अशोक ढवळे, अजित नवले, जे. पी. गावित. ही माणसं मोठ्या कष्टाची आणि चळवळीला वाहिलेली, यात शंका नाही. नवशिक्यानं शिकायचं ते एवढंच, की प्रसिद्धीतसुद्धा श्रमविभागणी होते : पुरुषांना नाव मिळतं, बाईला तळपाय.

एक गोष्ट मात्र या बायकांना कुणी सांगू नये. ज्या वनाधिकारासाठी त्या चालल्या, त्या २००६ च्या कायद्यातच लिहिलं आहे की विवाहितांना जमिनीचा हक्क द्यायचा तो पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे. गाडी सुटेल म्हणून पळत यावं आणि तिकीट आपल्याच पदरात बांधलेलं निघावं, तसं होईल. मग त्या पुढचे प्रश्न विचारू लागतील.

पायरी ५ : इतिहास

नाशिकच्या कार्यकर्त्याला काळाराम मंदिर सत्याग्रह यायलाच हवा. तारीख २ मार्च १९३०, नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. इथवर कोणत्याही भाषणात येतं. त्या दिवशीच्या मैलभर लांब मिरवणुकीत सुमारे ५०० स्त्रिया पुढच्या भागात चालत होत्या, आणि मंदिराच्या दरवाजांवर सत्याग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुषांबरोबर २५ स्त्रिया होत्या. हे आकडे भाषणात जरूर घ्यावेत, टाळ्या पडतात.

स्वाध्याय : त्या २५ जणींपैकी पाचजणींची नावं सांगा. पंचवटीतल्या सभेत हा प्रश्न कधीही विचारू नये.

ही नावं आणि ही आयुष्यं शोधायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलल्या, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. सत्याग्रहाला तोवर ५९ वर्षं झाली होती. मधल्या काळात चळवळीचा इतिहास लिहिणारे कमी नव्हते. पण बायकांना विचारायला दारात जावं लागतं, आणि इतिहासकाराला सभागृहात बोलवतात.

शांताबाई दाणींचं उदाहरण कठीण आहे, म्हणून जपून हाताळावं. नाशिकच्याच. दलित घरातली ही मुलगी शिकली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये आणि पुढे रिपब्लिकन पक्षात दादासाहेबांच्या बरोबरीनं राबली, भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, विधान परिषदेची आमदार झाली. ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचं आत्मकथन. अशी बाई इतिहासात निघाली की तिला ‘मायमाउली’ म्हणावं. माउलीला ममता असते. राजकीय मत असतं असं कुणी मानत नाही. मृणाल गोऱ्यांच्या बाबतीत हीच युक्ती लागू पडली. नगरसेवक, आमदार, विरोधी पक्षनेत्या, खासदार इतकं सगळं होऊन लोकांच्या तोंडी राहिल्या त्या ‘पाणीवाली बाई’. हेच पाणी एखाद्या पुरुषानं आणलं असतं तर तो ‘लोकनेते’ झाला असता आणि चौकात उभा राहिला असता.

पायरी ६ : सातबारा

नाशिक जिल्ह्यात एक मोठा अपघात होऊन गेला आहे. त्याची माहिती असलेली बरी. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेनं चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. लाखाच्या घरात बायका आल्या. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या झाडून सगळ्या जागा बायकांनीच लढवाव्यात, अशी भाषा तिथे झाली. त्या वेळी ३३ टक्क्यांचं आरक्षणही कायद्यात आलेलं नव्हतं. पुढे लक्ष्मीमुक्ती आली : नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा, आणि ज्या गावात शंभर शेतकरी असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. हजारो शेतकऱ्यांनी खरोखरच तलाठ्याकडे जाऊन नोंदी केल्या.

अडचण अशी, की हे घडवणाऱ्या शरद जोशींना पुरोगाम्यांनी आपल्यात कधी धरलं नाही. खुल्या बाजारपेठेचा माणूस, त्याला स्त्रीमुक्तीत काय कळतं! शिवाय ‘चांदवडची शिदोरी’ ही स्त्रीप्रश्नावरची पुस्तिकाही त्यांनीच लिहिली. लाख बायका जमल्या तरी शिदोरी बांधणारा पुरुषच, असा वार करायलाही जागा आहे. तो जरूर करावा. फक्त वार करण्याआधी एक सावधगिरी : गंगापूर रोडचा आपला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते आठवून घ्यावं. १९९४ पासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा आहे. गावाकडच्या शेतावर बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं ते कुठल्या साली, हेही आठवावं. आठवलं की चर्चेचा रोख चटकन नवउदारमतवादाकडे वळवावा. तो विषय मोठा आहे, त्यात सातबारा दिसत नाही.

घरचा दुसरा भाग सत्कारसमारंभाचा. आपली साठी झाली की माईकवर गहिवरून म्हणावं, ‘हिनं घर सांभाळलं म्हणून मी चळवळ करू शकलो.’ मग तिला साडी द्यावी. कुणी विचारलं, की तिला चळवळ करायची होती का, तर पुढचा हार मागवावा.

पायरी ७ : तक्रार

ही पायरी येऊ नये अशी प्रार्थना करावी. प्रार्थनेवर विश्वास नसला तरी. शिबिरात एखाद्या ज्येष्ठाचं वागणं खटकलं असं एखादी मुलगी सांगते. सगळ्यात आधी तिला विचारावं, ‘तुझा गैरसमज तर झाला नाही ना?’ मग ज्येष्ठांच्या त्यागाची यादी वाचावी. ती तरीही बधली नाही तर हुकमी वाक्य : ‘हे बाहेर गेलं तर प्रतिगाम्यांच्या हाती कोलीत मिळेल.’ घर जळत असल्याचं कुणी सांगितलं तरी कोलीत त्याच्याच हाती आहे, असं पटवता येतं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ ची, कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, बाहेरचा एक सदस्य हवा. कारखान्यांनी आणि बँकांनी हा कायदा पाळावा यासाठी आपण निवेदनं द्यावीत, अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांच्या दारात निदर्शनं करावीत. आपल्या संघटनेत समिती कुठे आहे असं कुणी विचारलं, तर आश्चर्यानं बघावं. ‘आपण काय नोकरी करतो का? आपण एक कुटुंब आहोत.’ कुटुंबात काय काय दडपलं जातं यावर आपणच गेल्या महिन्यात व्याख्यान ठेवलं होतं, हे त्या वेळी आठवू नये.

शंकासमाधान

शंका : बायका पुढेच येत नाहीत, त्याला आपण काय करणार?
समाधान : उत्तम शंका, ती दरवर्षी ८ मार्चला विचारावी. नाशिक शहरातलं एक गैरसोयीचं उदाहरण तेवढं टाळावं. नाशिक मध्यमधून देवयानी फरांदे, नाशिक पश्चिममधून सीमा हिरे, शेजारच्या देवळालीतून सरोज अहिरे. तिघी २०१९ मध्ये निवडून आल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा. पहिल्या दोघी भाजपच्या, तिसरी राष्ट्रवादीची. त्यांचं राजकारण आपल्याला पटत नाही, हे आपण ठणकावून सांगू शकतो. पण उमेदवारी कुणीतरी दिली, तेव्हाच त्या पुढे आल्या. आपण दिली होती का, हा पुढचा प्रश्न येण्याआधी सभा आटोपती घ्यावी.

शंका : आरक्षणानं प्रश्न सुटतो का?
समाधान : अजिबात नाही, असं ठाम सांगावं, आणि सरपंचपती, नगरसेविकापती यांचे दाखले द्यावेत, ते खरेही आहेत. मात्र २०११ पासून राज्यातल्या महापालिका-झेडप्यांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, कारण कायदा तसा आहे; आणि २०१९ च्या विधानसभेत २८८ पैकी २४ बायका निवडून आल्या, कारण तिथे उमेदवारी पक्षांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवलेली होती. या दोन आकड्यांत जेवढं अंतर आहे, तेवढीच आपली सद्सद्विवेकबुद्धी. पण हे गणित फळ्यावर मांडू नये.

शंका : गुणवत्तेचं काय?
समाधान : गुणवत्ता हा निकष फक्त महिला वक्ता सुचवली गेल्यावर लावायचा असतो. ‘कुणी चांगली मिळाली तर घेऊ.’ पुरुष वक्ता सुचला, की तो मोकळा आहे का, एवढंच विचारतात.

शंका : साहित्याच्या क्षेत्रात तरी बरी स्थिती असेल?
समाधान : मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. २०२५ च्या दिल्लीच्या ९८ व्या संमेलनापर्यंत अध्यक्षपदावर सहा स्त्रिया : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. नाशिकच्या वाट्याला १९४२ मध्ये आचार्य अत्रे, २००५ मध्ये केशव मेश्राम, २०२१ मध्ये जयंत नारळीकर. तिघेही मोठे. मोठे पुरुष आपल्याकडे कधीच कमी पडले नाहीत, ही खरी अडचण.

शंका : एखादी बाई फार कडक भाषेत बोलते. तिला कसं समजवायचं?
समाधान : ‘मुद्दा बरोबर आहे, पण टोन जरा’ असं म्हणावं. हे औषध जुनं आहे. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं, तेव्हा सुधारकांच्या गोटातूनही नाकं मुरडली गेली. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, आणि ती घेताना आपल्याच माणसांना दोन शब्द सुनावले. ‘फुल्यांचा वारसा’ म्हणून आपण मिरवतो त्यात हा प्रसंगही येतो. भाषणात तो वगळला तरी चालेल. तसबिरीत तो दिसत नाही.

शंका : आमच्याकडे गोदावरी परुळेकर होऊन गेल्या, मग आम्ही पुरुषप्रधान कसे?
समाधान : शाब्बास. हे कवच नेहमी जवळ बाळगा. वारली उठाव उभा करणाऱ्या या बाई १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. सभेची स्थापना १९३६ ची. पन्नास वर्षांत एक बाई अध्यक्ष झाली, की ती पुढच्या पन्नास वर्षांना पुरवायची असते.

शेवटची सूचना

इतकं सगळं नीट पाळलं तरी कधीतरी यंत्र बिघडतं. एखाद्या संध्याकाळी ताई बस सोडून देतात आणि टपरीपर्यंत चालत येतात. चहा सांगतात आणि तीन गोष्टी मागतात : पुढच्या कार्यक्रमाची वक्त्यांची यादी करण्याचा अधिकार, बँकेच्या खात्यावर सही, आणि मंत्र्यांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात जागा. सत्कार नको म्हणतात, शाल नको म्हणतात. पुरोगामी कार्यकर्त्याची खरी परीक्षा इथे होते, कारण आपल्याकडे देण्यासारखं जे होतं ते सगळं आपण शालीसकट आधीच देऊन चुकलेलो असतो, आणि या तीन गोष्टी देण्यासारख्या आहेत असं आपल्याला कधी वाटलेलंच नसतं.

नकार दिला तर ताई रागावत नाहीत, भांडत नाहीत. वेगळी संघटना काढतात. विद्या बाळांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केलं ते काही कुणाकडून माईक मिळायची वाट पाहत बसून नव्हे. दलित स्त्रियांनीही नव्वदच्या दशकात स्वतःच्या परिषदा भरवल्या, आणि त्यांत पुरुष कॉम्रेड आणि सवर्ण स्त्रीवादी या दोघांचीही उजळणी घेतली.

तेव्हा नव्या संघटनेच्या पहिल्या बैठकीचं बोलावणं आलं तर जरूर जावं. बैठक दुपारी दोनला असेल. पोचल्यावर उद्घाटन कोण करतंय असं विचारू नये, उद्घाटन नसेलच. एखादी मुलगी हातात वही देईल आणि म्हणेल, ‘सर, आजचं इतिवृत्त तुम्ही लिहा.’ लिहावं. प्रत्येकीचं नाव आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, विश्लेषण न करता. शेवटी खाली सही कुणाची, असा प्रश्न पडला तर ताईंना विचारावं. आपली नको म्हणाल्या तर पेन परत द्यावं.